हात कामात, कान अंतराळात

घरकाम करता करता विज्ञानकथा ऐकण्याचा छंद : ज्येष्ठांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी

साठी उलटलेल्या रुग्णाला तपासताना रक्तदाब, साखर, झोप, भूक यांची चौकशी झाली की मी आणखी एक प्रश्न आवर्जून विचारतो : ‘दुपारचा वेळ कसा जातो?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका शब्दात येते, ‘जात नाही.’ अधिक खोलात शिरले की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली म्हणजे वाचन सुटलेले असते. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज यांमुळे अक्षरे पुसट होतात आणि आयुष्यभर जोपासलेली सवय कोणाला न कळता संपून जाते. दुसरी म्हणजे हातचे काम काढून घेतलेले असते. ‘आई, तुम्ही आता काही करू नका, नुसत्या बसून राहा,’ हे वाक्य अत्यंत प्रेमाने उच्चारले जाते; परंतु ज्या व्यक्तीने पन्नास वर्षे घर चालवले तिला नुसते बसणे ही शिक्षाच वाटते.

या दोन्ही तुटी काही अंशी भरून काढणारा एक साधा, कमी खर्चाचा आणि आनंददायी उपाय आज घरोघरी उपलब्ध आहे. तो म्हणजे हलके घरकाम करता करता पुस्तक ऐकणे. आणि त्यातही, ज्यांना रुची असेल त्यांनी विज्ञानकथा ऐकणे. हे औषध नव्हे. तरीही औषधाप्रमाणेच त्याची मात्रा, वेळ आणि पथ्य सांभाळले तर त्याचा लाभ होतो. त्याचाच विचार या लेखात करू.

श्रवण आपल्याला नवे नाही

‘ऑडिओबुक’ हा शब्द नवा असला तरी कामात शब्दांची सोबत घेणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पहाटेच्या दळणाला जात्यावरच्या ओव्यांची साथ असे. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि इतरांनी वाती वळत, तांदूळ निवडत ती ऐकावी, हे दृश्य आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या अनेकांनी लहानपणी पाहिलेले आहे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला दिलेले आहे, हेही विसरता येत नाही. पुढे आकाशवाणी आली. ‘वनिता मंडळ’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ ऐकत स्वयंपाक उरकणाऱ्या स्त्रियांची एक पिढीच होऊन गेली. म्हणजे साधन बदलले. हात आणि कान यांची जोडी तीच राहिली.

ध्वनिमुद्रित पुस्तकांचा जन्म मात्र खऱ्या गरजेतून झाला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अनेक सैनिकांना प्रौढ वयात ब्रेल लिपी शिकणे कठीण जात असे. त्यांच्यासाठी आणि इतर अंध वाचकांसाठी ब्रिटनमध्ये १९३५ साली तबकड्यांवर ‘बोलकी पुस्तके’ काढण्यात आली. अमेरिकेतही त्याच दशकात ती सुरू झाली. भारतात दृष्टिबाधित वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. ‘स्टोरीटेल’सारखी सशुल्क सेवा २०१७ मध्ये भारतात आली आणि मराठी पुस्तके ऐकण्याची सोय मोबाइलवर झाली. ज्यांना इंग्रजी सहज समजते त्यांच्यासाठी ‘लिब्रिव्हॉक्स’ हा २००५ पासूनचा विनामूल्य उपक्रम आहे. त्यात स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके स्वयंसेवक वाचतात. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांची विज्ञानकथानके तेथे ऐकता येतात.

‘ऐकणे म्हणजे काही खरे वाचन नव्हे,’ अशी खंत काही जण व्यक्त करतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याच व्यक्तींना त्याच कथा एकदा वाचायला आणि एकदा ऐकायला देऊन त्यांच्या मेंदूचे आलेखन केले होते. शब्दांच्या अर्थाला मेंदू जो प्रतिसाद देतो तो दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच आढळला. डोळ्यांवाटे असो वा कानांवाटे, अर्थ पोहोचतो तो एकाच घरी.

विज्ञानकथाच का?

कोणतेही आवडते पुस्तक ऐकावे, हे तर खरेच. तरीही विज्ञानकथेची शिफारस मी विशेष आग्रहाने करतो. वाढत्या वयात मनाचा ओढा मागे, भूतकाळाकडे असतो. ते स्वाभाविकही आहे. विज्ञानकथा मात्र ‘असे झाले तर?’ हा प्रश्न विचारून मनाला पुढे बघायला लावते. नव्या जगाचे नियम समजून घ्यावे लागतात, अपरिचित कल्पना काही काळ मनात धरून ठेवावी लागते आणि पुढे काय घडेल याचा अदमास बांधावा लागतो.

मराठी वाचकाला या प्रांतात परके वाटण्याचे कारण नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नची अद्भुत दुनिया आजच्या कित्येक आजी-आजोबांना त्यांच्या शाळकरी वयातच दाखवली होती. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे प्रत्यक्षात जयंत विष्णू नारळीकर. आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ते नाव घेतले होते. खगोलशास्त्रज्ञाच्या लेखणीतून आलेल्या या कथांत माणसे आपल्या ओळखीची असतात आणि प्रसंग मात्र अनोखा. १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर, या कल्पनेवरची त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. तिच्यातला इतिहास ज्येष्ठांना पाठ असतो. त्यामुळे त्याला मिळालेली कलाटणी त्यांना तरुणांपेक्षाही अधिक रंगवून ऐकता येते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही नावेही या परंपरेतली आहेत.

माझ्या रुग्णांत गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय शहात्तर, ‘मॅक्युलर डिजनरेशन’मुळे, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या झिजेमुळे, वाचन पूर्ण थांबलेले. नातवाने त्यांना मोबाइलवर कथा लावून द्यायला सुरुवात केली आणि सूनबाईंनी वाटाण्याच्या शेंगांची परात पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवली. दोन महिन्यांनी तपासणीला आल्यावर त्यांनी मला गंभीर चेहऱ्याने विचारले, ‘डॉक्टर, कृष्णविवराजवळ घड्याळ संथ चालते म्हणतात. मग रक्तदाबाची गोळी तिथल्या घड्याळाने घ्यायची की इथल्या?’ त्यांची दृष्टी सुधारलेली नव्हती आणि ती सुधारणारही नव्हती. परंतु ‘वेळ जात नाही’ हे वाक्य त्यांच्या बोलण्यातून गेले होते. नातवाशी रोज अर्धा तास वाद घालायला त्यांना एक विषय मिळाला होता.

येथे एक स्पष्ट केले पाहिजे. कथा ऐकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा कोणी करीत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मन गुंतणे, संवाद वाढणे आणि हातपाय चालते राहणे हे लाभच पुरेसे मोलाचे आहेत.

घरकाम हाही व्यायामच

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. त्याशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. या हालचालीत घरकामही धरले जाते. स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते त्याच्या सुमारे दुप्पट ऊर्जा उभ्याने भांडी धुताना आणि सुमारे तिप्पट केर काढताना खर्च होते. म्हणून झाडू, फडके आणि कपड्यांच्या घड्या यांना कमी लेखू नये.

कथेचा येथे एक अप्रत्यक्ष उपयोग होतो. कंटाळवाणे काम सोबत मिळाली की लांबते. ‘हा भाग संपेपर्यंत फडताळाचे दोन कप्पे आवरू,’ असे म्हणत माणूस वीस-पंचवीस मिनिटे उभा राहतो. एरवी तो पाचव्या मिनिटाला खुर्ची शोधतो. मात्र कथेच्या ओघात दमणूक ध्यानात न येण्याचाही संभव असतो. काम करताना सलग दोन वाक्ये बोलता येतील एवढाच श्रम असावा. धाप, छातीत जडपणा किंवा गरगरणे जाणवल्यास तत्काळ थांबावे. कथा नंतरही ऐकता येते.

कोणत्या कामाला कथा चालते, कोणत्याला नाही

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. मेंदू दोन कामे एकाच वेळी करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर उड्या मारीत असते. हाताला पूर्ण सरावाचे काम असेल तर लक्षाचा फार थोडा वाटा तिकडे जातो आणि उरलेला कथेला मिळतो. परंतु वय वाढते तसे चालणे, तोल सावरणे या पूर्वी आपोआप होणाऱ्या क्रियांनाही लक्ष द्यावे लागते. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधे निरीक्षण मांडले होते : चालता चालता बोलण्यासाठी ज्या वृद्धांना थांबावे लागते, त्यांचे पुढील काळात पडण्याचे प्रमाण अधिक असते. कथा ऐकणे हेही मेंदूच्या दृष्टीने संभाषणासारखेच काम आहे. म्हणून घरकामाची पुढीलप्रमाणे विभागणी करावी.

निर्धास्तपणे ऐकण्याजोगी कामे : बसून मेथी निवडणे, वाटाणे किंवा शेंगा सोलणे, लसूण सोलणे, तांदूळ निवडणे, वाती वळणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे, पितळी भांडी पुसणे.

जपून ऐकण्याजोगी कामे : कोरड्या फरशीवर केर काढणे, उभ्याने भांडी धुणे, कुंड्यांना पाणी घालणे, कपडे वाळत घालणे. ज्यांचा तोल चांगला आहे आणि जे गेल्या वर्षभरात पडलेले नाहीत त्यांनीच ही कामे ऐकता ऐकता करावीत.

कथा पूर्ण बंद ठेवून करायची कामे : विळीवर किंवा सुरीने चिरणे, शेगडीजवळचे प्रत्येक काम, ओली फरशी पुसणे, जिन्यावरून ये-जा, स्नानगृहातील वावर, स्टुलावर चढून जळमटे काढणे (हे काम खरे तर ज्येष्ठांनी करूच नये) आणि औषधांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरणे. कथेतील अंतराळयान संकटात सापडले असताना कुकरच्या शिट्या मोजणे कोणालाच साधत नाही. फरक इतकाच की तरुणपणी त्याची किंमत करपलेल्या डाळीएवढी असते आणि उतारवयात ती मोडलेल्या खुब्याएवढी असू शकते.

कंपवाताच्या रुग्णांना चालताना दुसरीकडे लक्ष गेल्यास पाऊल अडखळण्याचा धोका विशेष असतो. त्यांनी सदैव बसूनच ऐकावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जमिनीवर मांडी घालण्याऐवजी टेबल-खुर्ची घ्यावी आणि अर्ध्या तासाने एकदा उठून चार पावले टाकावीत. उठताना आधी क्षणभर कडेला बसून मगच उभे राहावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते.

कानांची काळजी

वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स्वर ऐकू येतात. पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने विरून जातात. म्हणूनच ज्येष्ठ म्हणतात, ‘आवाज येतो, शब्द कळत नाही.’ घरगुती बोलण्यात संदर्भाने अर्थ लावता येतो. ‘भाजी’ अर्धवट ऐकू आली तरी कळते. विज्ञानकथेत मात्र ग्रहाचे नवे नाव किंवा एखाद्या यंत्राची संज्ञा अंदाजाने ओळखता येत नाही. त्यामुळे कथा कंटाळवाणी वाटू लागली तर दोष रसिकतेचा नसून कानाचा असू शकतो.

अशा वेळी आवाज वाढवत नेणे हा उपाय नव्हे. प्रथम कानात मळ साठला आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे आणि गरज भासल्यास श्रवणचाचणी करावी. ऐकू कमी येणे हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो. तेव्हा श्रवणयंत्राची टाळाटाळ करू नये. आजची अनेक श्रवणयंत्रे ब्लूटूथने थेट मोबाइलला जोडता येतात आणि कथा सरळ त्यांतूनच ऐकू येते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे.

प्रौढांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांहून अधिक ऐकू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. घरात डेसिबल मोजणार कोण? म्हणून सोपी खूण सांगतो : हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे कथा चालू असतानाही ऐकू आले पाहिजे. शक्यतो कानात काही न घालता टेबलावरचा छोटा स्पीकर वापरावा. वायरचे इअरफोन दाराच्या कडीत वा खुर्चीच्या हातात अडकतात. कथेची गती थोडी कमी ठेवावी. बहुतेक अ‍ॅपमध्ये तशी सोय असते. पार्श्वसंगीत नसलेले, एकाच आवाजातले स्वच्छ वाचन निवडावे. मिक्सर, पंखा किंवा नळ जोरात चालू असताना कथा थांबवावी, कारण गोंगाटावर मात करण्यासाठीच आवाज नकळत वाढवला जातो.

काळजी घेणाऱ्यांसाठी

अंथरुणाला खिळलेल्या आईची, वडिलांची किंवा जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे जग हळूहळू एका खोलीएवढे होते. बाहेर पडता येत नाही, पुस्तक हातात धरायला सलग दहा मिनिटे मिळत नाहीत आणि कामाला अंत नसतो. अशांना मी मनापासून सांगतो की चादरी घडी करताना, भांडी विसळताना दुसऱ्या ग्रहावर जाऊन येण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. थकलेली काळजी ही रुग्णालाही जाणवते.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. एक, इअरफोन घालायचाच असेल तर एकाच कानात. दुसरा कान रुग्णाच्या हाकेसाठी मोकळा असावा. रुग्णाच्या हाताशी छोटी घंटा ठेवल्यास अधिक उत्तम. दोन, औषधे देताना, इन्सुलिन टोचताना आणि रुग्णाला भरवताना कथा बंद. गिळण्यास त्रास असलेल्या रुग्णाचे सारे लक्ष घासावर असले पाहिजे. ऐकण्याच्या नादात ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तीन, कथा ही संवादाची जागा घेण्यासाठी नाही. मोबाइल लावून दिला की आपले कर्तव्य संपले, असे होऊ नये. उलट रात्री जेवताना ‘आज कुठवर आली गोष्ट?’ एवढे विचारावे. ऐकलेली कथा आपल्या शब्दांत सांगणे हा स्मरणशक्तीला उत्तम व्यायाम आहे आणि ऐकणारा माणूस भेटणे हा त्याहून मोठा आधार.

कोणी सावध राहावे?

१९३८ च्या ३० ऑक्टोबरला अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या आक्रमणाच्या कादंबरीवर आधारित नभोनाट्य सादर केले. ते बातम्यांच्या धाटणीचे असल्याने काही श्रोत्यांना ते खरे वाटले आणि ते घाबरले. या घबराटीची वर्णने पुढे पुष्कळ फुगवली गेली, तरी त्यातला बोध आजही उपयोगी आहे. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, भास होतात किंवा इस्पितळातून आल्यावर काही दिवस गोंधळल्यासारखे होते, त्यांना कथा आणि वास्तव यांतली सीमा राखणे जड जाते. अशा रुग्णांपुढे आक्रमण, प्रलय, साथी यांच्या कथा लावू नयेत. त्यांच्यासाठी परिचित गाणी किंवा ओळखीच्या गोष्टी बऱ्या. ज्यांची झोप नाजूक आहे त्यांनीही रहस्यमय कथा दुपारीच संपवावी. ऐकल्यानंतर कोणी बेचैन होत असेल, खिडकीबाहेर वारंवार पाहत असेल, तर वाद न घालता कथा बंद करून डॉक्टरांशी बोलावे.

आरंभ असा करावा

प्रथम वीस ते तीस मिनिटांची एकच लघुकथा निवडावी, कादंबरी नंतर. दुपारची ठरावीक वेळ आणि बसून करण्याचे एक ठरावीक काम तिला जोडावे. मोबाइलवर कथेचे चिन्ह पहिल्या पडद्यावर मोठे करून ठेवावे आणि थांबवण्याचे बटण कुठे आहे हे घरातल्या तरुणाने दोन-तीनदा शांतपणे दाखवावे. पात्रांची नावे लक्षात राहत नसतील तर एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून घ्यावीत. धागा सुटला तर मागे जाऊन पुन्हा ऐकावे. येथे परीक्षा नाही. दोन कथा ऐकूनही गोडी लागली नाही तर प्रवासवर्णन घ्यावे, चरित्र घ्यावे. कानाला रुचेल तेच खरे.

आणि घरातल्या मंडळींना एक विनंती. उद्या भाजी निवडायला घ्याल तेव्हा ती परात आजी-आजोबांच्या पुढ्यात ठेवा, शेजारी एक कथा लावा आणि जमले तर पंधरा मिनिटे स्वतःही तिथेच बसा.